दोन मैलांचा छायाचित्रकार

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या विद्यार्थ्यांना माझे एक वेड चांगले ठाऊक आहे. सहलीला गेलो की सारी मंडळी समुद्राकडे नाहीतर भज्यांच्या गाडीकडे धावत, आणि मी एखाद्या पडक्या वाड्याच्या भिंतीसमोर कॅमेरा घेऊन उभा असे. लोणा लागलेल्या विटा, गिलावा उडाल्यावर दिसणारी आतली माती, पावसाने काळी पडलेली कौले, वाळवीने कोरलेली चौकट हे पाहिले की माझे भान हरपते. सर भिंतींचे फोटो काढतात, असे मुले पाठीमागे म्हणत. आणि त्यांचे चुकत नव्हते.

यंदाच्या वार्षिकासाठी एखाद्या नामवंत व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे संपादकांनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादा समाजसुधारक किंवा शास्त्रज्ञ असावा. मी मात्र निवड केली आहे ती इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एका लहानशा गावात साठ-सत्तर वर्षे राहिलेल्या एका छायाचित्रकाराची. त्याचे नाव फ्रँक मेडो सटक्लिफ. छायाचित्रकलेच्या इतिहासात हे नाव मानाने घेतले जाते; आपल्याकडे ते फारसे कुणाच्या कानावर नसेल. मला त्याच्याविषयी लिहावेसे वाटते याचे कारण थोडे खाजगी आहे. ते शेवटी सांगेन.

निवृत्त झाल्यावर मी काही महिने मुलीकडे लीड्सला राहिलो. तिथे एका सकाळी आम्ही दोघे बसने व्हिट्बीला निघालो. यॉर्कशायरचा तो झुडपी माळ ओलांडला की अकस्मात खाली राखाडी रंगाचा उत्तर समुद्र दिसतो आणि त्याच्या काठाला दोन कड्यांच्या बेचक्यात वसलेले गाव. मधून एस्क नदी समुद्राला मिळते आणि गावाचे दोन भाग करते. पूर्वेच्या बाजूला जुने कोळ्यांचे, खलाशांचे गाव. तिथली तांबड्या कौलांची घरे एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी कड्यावर चढत गेलेली आहेत. पश्चिमेच्या कड्यावर हवा खायला येणाऱ्या श्रीमंतांसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या उंच इमारती. जॉर्ज हडसन नावाच्या रेल्वेसम्राटाने हा पश्चिम भाग वसवायला घेतला होता. पुढे त्याचे दिवस फिरले आणि तिथली रॉयल क्रेसेंट ही चंद्रकोरीच्या आकाराची इमारत अर्धीच राहिली. ती आजही अर्धीच आहे. याच इमारतीत 1890 मध्ये ब्रॅम स्टोकर उतरला होता. त्याच्या ‘ड्रॅक्युला’ या 1897 सालच्या कादंबरीमुळे व्हिट्बीचे नाव जगभर झाले.

पूर्वेच्या कड्यावर जायला 199 पायऱ्या आहेत. वर सेंट मेरीचे जुने चर्च आणि त्याच्यापलीकडे मठाचे भग्नावशेष. हा मठ प्रथम सन 657 मध्ये हिल्डा या साध्वीच्या देखरेखीखाली स्थापन झाला. आज जे अवशेष उभे आहेत ते त्यानंतर कित्येक शतकांनी बांधलेल्या दगडी इमारतीचे. आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 मध्ये, मठ बंद झाला, छप्पर गेले, आणि मग वाऱ्याने आणि मिठाने आपले काम सुरू केले. 1830 मध्ये मधला मनोराही कोसळला. चर्चच्या आवारातील थडग्यांचे दगड तर पाहण्यासारखे आहेत. खारा वारा दगडात शिरतो, ओल सुकली की मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा एकेक पापुद्रा सुटत जातो. कित्येक थडग्यांवरची अक्षरे अशी पार पुसली गेली आहेत. कोण इथे निजले आहे ते त्या दगडालाच आठवत नाही.

माझ्यासारख्याला आणखी काय हवे? मी दिवसभर फोटो काढले. मुलगी कंटाळून एका बाकावर जाऊन बसली. गावात एक बोळ आहे, त्याचे नाव आर्ग्युमेंट्स यार्ड. इथे पूर्वी रोज भांडणे होत असतील अशी माझी समजूत झाली. नंतर कळले की आर्ग्युमेंट हे तिथल्या एका घराण्याचे आडनाव होते. त्या बोळाच्या भिंतीचेही मी फोटो घेतले, आणि चौकटीत माणूस येऊ नये म्हणून ये-जा थांबेपर्यंत ताटकळत उभा राहिलो. एवढ्यात पाऊस आला आणि आम्ही पॅनेट पार्कमधल्या संग्रहालयात आसरा घेतला.

तिथे सटक्लिफची छायाचित्रे पाहिली. तेच बोळ, तेच जिने, त्याच भिंती. पण त्याच्या भिंतीला कुणीतरी टेकलेले असे. उंबऱ्यावर बाई जाळे नाहीतर टोपली घेऊन बसलेली, पायरीवर पोरे, कठड्याशी म्हातारे खलाशी. माझ्या कॅमेऱ्यातल्या दिवसभराच्या चित्रांत तेच गाव होते, आणि गावात एकही माणूस नव्हते. हा गृहस्थ कोण, हे जाणून घेण्याची तेव्हापासून ओढ लागली.

सटक्लिफचा जन्म 6 ऑक्टोबर 1853 रोजी लीड्सजवळच्या हेडिंग्ली इथे झाला. वडील थॉमस सटक्लिफ हे जलरंगात चित्रे काढणारे चित्रकार. छायाचित्रण ही तेव्हा नवी विद्या होती, आणि पुष्कळ चित्रकारांना ती आपल्या पोटावर आलेली सवत वाटे. थॉमस सटक्लिफ मात्र तीत रस घेणारे निघाले. शिक्षण म्हणाल तर मुलाचे फारसे झाले नाही. घरगुती शाळेत अक्षरओळख झाली, पुढे काही काळ कारकुनी झाली, पण वडिलांच्या खोलीतले रंग, कागद आणि रसायने यांतच त्याचे मन होते. 1871 च्या सुमारास कुटुंब व्हिट्बीला राहायला आले आणि थोड्याच काळात वडील वारले. फ्रँक तेव्हा अठराच्या आसपास होता. आता त्या कॅमेऱ्यावरच पोट भरायचे होते.

सुरुवातीची कामे मिळाली ती जुन्या इमारतींचीच. फ्रान्सिस फ्रिथ नावाचा त्या काळचा मोठा व्यावसायिक होता. देशोदेशीच्या स्थळांची छायाचित्रे छापून विकण्याचा त्याचा धंदा. त्याच्यासाठी सटक्लिफने यॉर्कशायरमधील पडके मठ आणि किल्ले टिपले. 1873 मध्ये जॉन रस्किनच्या ब्रँटवूडच्या घरी जाऊन त्याचेही छायाचित्र घेण्याचा योग त्याला आला. रस्किन म्हणजे ज्याच्या ‘अन्टू धिस लास्ट’ या पुस्तकाने पुढे गांधीजींचे आयुष्य पालटले तोच. या रस्किनने 1849 मध्ये वास्तुकलेवर एक ग्रंथ लिहून जुन्या इमारतींचा कैवार घेतला होता. डागडुजीच्या नावाखाली जुना दगड तासून नवा करणे म्हणजे ती इमारत नष्ट करणेच, असे त्याचे मत होते. इमारतीचे खरे वैभव तिच्या वयात असते, असेही तो मानी. विशीतल्या सटक्लिफवर या भेटीचा नेमका काय परिणाम झाला हे सांगणे माझे काम नाही. एवढे खरे की झिजलेल्या दगडाकडे आदराने पाहण्याची दृष्टी त्या काळच्या हवेतच होती, आणि त्याचे डोळे तिथेच घडले.

1875 मध्ये त्याने व्हिट्बीतल्याच एका बूट बनवणाऱ्या कारागिराच्या मुलीशी, एलायझाशी लग्न केले. पुढे त्यांना चार मुली आणि एक मुलगा झाला. संसार मांडायचा तर उत्पन्न हवे, म्हणून तो दक्षिणेकडे टनब्रिज वेल्स या पैसेवाल्यांच्या गावी गेला आणि तिथे स्टुडिओ थाटला. धंदा साफ बुडाला. वर्षभरातच रिकाम्या खिशाने परत व्हिट्बी गाठावी लागली. आपल्याकडे मुंबईला नशीब काढायला गेलेला पोरगा गणपतीला परततो आणि पुन्हा जायचे नाव काढत नाही, तसेच हे झाले. पण या अपयशानेच त्याला त्याचे गाव दिले.

परतल्यावर त्याने वॉटरलू यार्डमध्ये जागा घेतली. ती जागाही मोठी बोलकी आहे. व्हिट्बीच्या कड्यांत जेट नावाचा एक काळाभोर, कोळशासारखा चकाकणारा खडा सापडतो. 1861 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती वारला आणि दुखवट्याचे काळे दागिने घालण्याची जी लाट आली, तिच्यावर या गावातल्या शेकडो कारागिरांचे संसार उभे राहिले. नंतर दुखवट्याचीही फॅशन सरली आणि तो धंदा बसला. अशा एका बंद पडलेल्या जेटच्या कारखान्यात सटक्लिफने आपला स्टुडिओ मांडला. एका बुडत्या धंद्याच्या जागेत दुसरा धंदा उभा राहिला. 1894 मध्ये तो स्किनर स्ट्रीटवरच्या चांगल्या जागेत गेला.

धंदा कसला? तर हवापालटासाठी आलेल्या पाहुण्यांचे फोटो काढण्याचा. रेल्वेमुळे उन्हाळ्यात गाव माणसांनी फुलून जाई. टोप्या घातलेल्या बायका, नवे कपडे घातलेली मुले, मिशांना पीळ देणारे गृहस्थ स्टुडिओत येऊन बसत, आणि सटक्लिफ त्यांची चित्रे काढी. चार महिने कमवायचे आणि बाकीचे आठ महिने त्यावर काढायचे, असा तो हिशेब. या कामाचा त्याला मनस्वी कंटाळा होता. उजेड सुंदर पडलेला असे, धुके बंदरावर उतरलेले असे, आणि हा आत कुणाच्या तरी मानेला आधार लावीत असे. दूरदेशी जाऊन चित्रे काढण्याची मुभा त्याला कधीच मिळाली नाही. फार तर गावापासून मैल-दोन मैलांपर्यंत जायचे आणि गिऱ्हाईक यायच्या आत परतायचे. आयुष्यभर त्याच्या दाव्याची लांबी तेवढीच राहिली.

आता त्या काळचे छायाचित्रण म्हणजे काय होते, ते आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. कॅमेरा म्हणजे लाकडाची जड पेटी, तिला तिवईचा आधार. प्रारंभीच्या वर्षांत काचेच्या पट्टीवर कलोडिअन नावाचा चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. वाळली की काच फुकट. म्हणून काळोखी तंबू, बाटल्या, पाणी असा सारा संसार पाठीवर घेऊन हिंडायचे. पुढे कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हे ओझे थोडे हलके झाले. तरी डोक्यावर काळे फडके घेऊन मागच्या काचेवर उलटे दिसणारे चित्र जुळवायचे, आणि चित्र घेईपर्यंत समोरच्यांनी हलायचे नाही, हे होतेच. भिंत हलत नाही. त्यामुळे त्या काळात इमारतींचे फोटो काढणे सोपे आणि माणसांचे अवघड. सटक्लिफने अवघड ते पत्करले.

याचे रहस्य त्याच्या दाव्यातच होते. एखादा प्रवासी छायाचित्रकार गावात येतो, तो दोन दिवस राहतो. त्याला भिंत दिसते, कमान दिसते. माणसे त्याच्यापुढे अवघडतात, नाहीतर दार लावून घेतात. सटक्लिफ तिथलाच होता. बंदरावरचे कोळी, शिंपल्या वेचून गळाला आमिष लावणाऱ्या बायका, शाळा चुकवून पाण्यात डुंबणारी पोरे हे सारे त्याला नावानिशी ओळखत. तो पहाटे येई, संध्याकाळी येई, तिवई मांडून वाट पाही. आज उजेड बरा नाही, तर उद्या. उद्या माणूस नाही, तर परवा. एकाच धक्क्याकडे, एकाच जिन्याकडे वर्षानुवर्षे परतून गेल्यामुळे कुठल्या महिन्यात कुठल्या भिंतीवर ऊन केव्हा येते आणि कुठल्या बाईला किती वाजता उसंत असते, हे दोन्ही त्याला ठाऊक झाले होते.

त्याची ‘डॉक एंड’ या जागेची चित्रे पाहावीत. भरतीचे स्थिर पाणी, त्यात उभ्या गलबतांच्या डोलकाठ्यांची प्रतिबिंबे, मागे कौलांवर धूर आणि धुके एक झालेले. त्या धुक्याचा त्याने फार सुंदर उपयोग केला आहे. जवळचे स्पष्ट, दूरचे पुसट, त्यामुळे सपाट कागदावर गाव खोल खोल जात राहते. तसेच त्याचे हेन्री फ्रीमनचे चित्र. 9 फेब्रुवारी 1861 च्या वादळात व्हिट्बीची जीवनरक्षक नौका उलटली आणि तेरापैकी बारा जण बुडाले. वाचला तो हा फ्रीमन, कारण नव्या प्रकारचे बुचाचे जाकीट त्याच्या अंगात होते. ते जाकीट घालून उभ्या असलेल्या फ्रीमनचा चेहरा पाहिला की मठाच्या दगडाची आठवण होते. खाऱ्या वाऱ्याने दोघांनाही सारखेच कोरले आहे.

1886 मध्ये त्याने काढलेले ‘वॉटर रॅट्स’ हे चित्र सर्वांत गाजले. बंदराच्या उथळ पाण्यात एक होडी आणि तिच्याभोवती उघडीनागडी पोरे. आपल्या नदीकाठच्या कुठल्याही गावात दिसावे असे साधे दृश्य. पण व्हिक्टोरियन सभ्यतेला ते मानवले नाही. तरुण मुलींच्या मनावर वाईट परिणाम होईल म्हणून स्थानिक धर्मगुरूंनी त्याला बहिष्कृत केले, असे सांगितले जाते. गंमत अशी की पुढे खुद्द युवराजांनी, म्हणजे नंतरच्या सातव्या एडवर्डने, त्याच चित्राची प्रत विकत घेतली. ज्या चित्रावर गावाने नाक मुरडले ते राजवाड्यात गेले.

मानसन्मान पुष्कळ झाले. देशोदेशीच्या प्रदर्शनांत त्याला साठाहून अधिक पदके मिळाली. 1888 मध्ये लंडनच्या कॅमेरा क्लबात त्याच्या एकट्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. छायाचित्रण ही कलाच आहे असा आग्रह धरणाऱ्यांनी 1892 मध्ये ‘लिंक्ड रिंग’ नावाचे मंडळ काढले, त्याच्या संस्थापकांत तो होता. कोडॅक कंपनीने आपले नवे हलके कॅमेरे त्याला वापरायला दिले, आणि जड पेटीची सवय झालेल्या या माणसाने उतारवयातही ते आनंदाने हाताळले. छायाचित्रणावर त्याने भरपूर लिहिले, यॉर्कशायरच्या एका साप्ताहिकात नियमित सदरही चालवले. एवढे होऊनही उन्हाळा आला की स्किनर स्ट्रीटवर पाहुण्यांच्या माना सरळ करण्याचे काम चालूच होते. पदकांनी चुलीवरचे भांडे चढत नाही, हे इंग्लंडातही खरे आहे.

इथे एक शंका माझ्या मनात आली, ती सांगितली पाहिजे. या चित्रांतली दाटीवाटीची घरे, ओले बोळ, फाटक्या कपड्यांची पोरे आपल्याला आज रम्य वाटतात. पण त्या घरांत राहणाऱ्यांना ती रम्य वाटत होती का? एका खोलीत आठ माणसे, खाली मासळीचा वास, वर गळके कौल, आणि दर वादळाला कुणाच्या तरी घरचा कर्ता परत येत नाही, हे चित्रात कुठे आहे? सटक्लिफने गरिबी गोड करून दाखवली, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सगळाच खोटा ठरणार नाही. तो निवड करी, माणसांना उभे करी, उजेड साजरा असेल तेव्हाच काच उघडी. परंतु त्याच्या चित्रांतली माणसे दयेची याचना करीत नाहीत, हेही तितकेच खरे. ती कामात आहेत, गप्पांत आहेत, आणि छायाचित्रकाराकडे परक्यासारखी बघत नाहीत. भिंतीची शोभा वाढवायला आणून ठेवलेली ती वाटत नाहीत. ते त्यांचेच घर आहे, हे पाहणाऱ्याला कळते.

आणि ती घरे पुढे सगळीच टिकली नाहीत. व्हिट्बीच्या जुन्या भागात टिन घॉट नावाचा एक बोळ होता. दोन्ही बाजूंना उंच जुनी घरे आणि मधून थेट नदीच्या पाण्यापर्यंत उतरणारी अरुंद वाट. जुन्या इंग्रजी पुस्तकांत आपल्या सह्याद्रीच्या घाटांसाठी जे स्पेलिंग छापत, हुबेहूब तेच या बोळाच्या नावात आहे. ते पाहून मी थबकलोच. चित्रकार आणि छायाचित्रकार यांची ही आवडती जागा. सटक्लिफनेही तिचे चित्र घेतले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो बोळ पाडला गेला आणि तिथे मोटारी उभ्या करण्याची सोय झाली. आता टिन घॉट पाहायचा तर चित्रांतच.

मठाचीही एक आठवण आहे. 16 डिसेंबर 1914 रोजी, पहिल्या महायुद्धात, जर्मन युद्धनौकांनी या किनाऱ्यावर तोफा डागल्या. व्हिट्बीत माणसे मेली, आणि मठाच्या पश्चिमेच्या दर्शनी भागाचेही नुकसान झाले. ज्या दगडाला पावणेचारशे वर्षे वारा हळूहळू झिजवीत होता, त्याला काही मिनिटांत खिंडार पडले. सटक्लिफ तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. पोरसवदा वयात ज्या पडक्या मठांपासून त्याने आपले काम सुरू केले, त्यांतलाच हा त्याच्या दारचा मठ.

सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने धंदा सोडला आणि गावच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या संग्रहालयाचा तो अभिरक्षक झाला. गिऱ्हाइकांची वाट पाहण्याऐवजी गावच्या जुन्या वस्तूंची देखभाल करण्यात त्याची अखेरची वर्षे गेली. 1935 मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्याला सन्माननीय सदस्यत्व दिले. 31 मे 1941 रोजी, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, सत्त्याऐंशीव्या वर्षी तो वारला. मागे उरल्या त्या काचा. त्या काचांत एक सबंध गाव आहे: त्याच्या भिंती आणि त्या भिंतींच्या आत-बाहेर वावरणारी माणसे, एकमेकांपासून वेगळी न काढता येणारी.

आता माझे खाजगी कारण.

दाभोळच्या खाडीकाठी माझ्या आत्याचे घर होते. जांभ्या दगडाचे जोते, मातीच्या भिंती, पुढे पडवी, नळ्याची कौले. आत्या बालविधवा, माहेरच्या त्या घरात तिने उभी हयात एकटीने काढली. 1987 च्या मे महिन्यात मी मुद्दाम कॅमेरा घेऊन गेलो, कारण घर आता फार दिवस उभे राहणार नाही हे दिसत होते. कृष्णधवल फिल्मचे रोल बरोबर होते. भाचा फोटो काढणार म्हणून आत्याने सकाळीच पेटीतले चांगले लुगडे काढून नेसले, केस नीट केले आणि पडवीच्या खांबाशी येऊन उभी राहिली. मी तिला म्हटले, आत्या, जरा बाजूला हो, मला घर घ्यायचे आहे. ती हसली. बाई गं, घराचाच काढायचाय होय, असे काहीतरी पुटपुटत ती बाजूला झाली. नंतर तिचाही एक काढीन असे मी मनाशी ठरवले होते. पण फिल्म संपली, ऊन चढले, आणि संध्याकाळच्या गाडीने मला परतायचे होते.

1991 मध्ये आत्या गेली. दोन पावसाळ्यांनी घर पडले. जागा विकली गेली. माझ्याकडे त्या घराची एकोणचाळीस छायाचित्रे आहेत: जोत्याची, कौलांची, चुलीमागच्या काळ्या भिंतीची. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनात ती मांडली तेव्हा त्यांचे कौतुकही झाले होते. आत्याचे एकही नाही.

व्हिट्बीहून परतताना बसमध्ये मला तो पडवीचा खांब सारखा दिसत होता. भारतात आल्यावर माळ्यावरची पेटी काढली आणि जुन्या निगेटिव्ह एकेक करून उजेडापुढे धरल्या. एकीत, डाव्या कडेला, खांबाच्या मागे लुगड्याचा काठ, एक हात आणि अर्धा चेहरा निघाला. आत्या पुरती बाजूला झालीच नव्हती. त्या वेळी प्रत छापताना चौकट नीट दिसावी म्हणून तेवढी कड मीच कापून टाकली होती.

गावातल्या फोटोवाल्याकडून ती निगेटिव्ह या खेपेस न कापता, सबंध मोठी करून घेतली आहे. चित्र म्हणून ते सदोष आहे. तोल डावीकडे जातो, चेहरा थोडा हललेला आहे, उजेडही जास्त झाला आहे. सटक्लिफने कदाचित ती काच बाजूला ठेवली असती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच पडवीसमोर तिवई लावली असती. मला दुसरा दिवस मिळायचा नाही. ते चित्र मी भिंतीवर लावले आहे. घरी येणारे विचारतात, हे घर कुठले. मी त्यांना सांगतो, ही आमची आत्या.